जुना विस्तव

यॉर्कशरच्या आमच्या खोऱ्यात गुरांची साथ आली होती. झऱ्यावर पाण्याच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारी थॉमसिन आणि तिची शेजारीण टेमर उभ्या होत्या.

"परवा रात्री गावातल्या सगळ्या चुली विझवल्या. पहाटे लाकडावर लाकूड घासून नवा जाळ केला, गुरं त्या धुरातून काढली. तरी आज आणखी दोन गायी गेल्या!"

"पाद्रीबाबा हसतात याला, काकू."

"हसू देत. त्यांच्या गोठ्यात शेपूट तरी आहे का? कुणीतरी घरात जुना विस्तव राखला, टेमर. एक चूल पेटती राहिली तरी सगळं फुकट जातं."

"कोण राखेल हो?"

"बाप्ये शोधतायत. सापडली तर तिचं घर पेटवतील म्हणे."

"बाई गं!"

"ते जाऊ दे. तुझं बाळ तापलं होतं ना? परवाच्या थंडीत कसं निभावलंस?"

"रात्रभर चुलीपाशी घेऊन बसले, म्हणून तर वाचलं."

"चुलीपाशी?"

"काकू... बर्फ पडत होतं हो. ओठ निळे पडले होते त्याचे."

"हळू बोल. आणि मागे बघू नकोस, पोरी. जिच्या गायी गेल्या, ती तुझ्या मागेच उभी आहे."