मामांची सुपारी आणि माझं पोकर

अरे, पोकर शिकवायची हौस मला चांगलीच नडली. मी मोबाईलवर खेळून झालेला मास्तर! म्हसळ्याला मामांकडे पैशांऐवजी घरच्या सुपाऱ्या लावल्या. म्हटलं, "हे लिमिट पोकर. एका वेळी दोनच सुपाऱ्या वाढवायच्या. पत्ते वाईट असले तर टाकून गप्प बसायचं."

मामांनी लगेच टाकले. उरलो मामी आणि मी. माझ्याकडे तीन राजे! तरी विचार कसा करतात ते दाखवायला मी डोळे मिटून बसलो. शेवटी राजे आपटले, जिंकलो! सुपाऱ्या ओढायला गेलो, तर मध्ये नुसता चुरा आणि मामांच्या हातात अडकित्ता.

"मामा, डाव खाल्लात?"

"मास्तर, गप बसायला तुमीच सांगितलंत ना? मग तोंडाला काय तरी नको?"