डोळ्याचा कंबरपट्टा

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची थोर डॉक्टरमंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाई आणि समोर बसलेल्या माझ्यासारख्या पेशंट बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार. मी गवंडी. विटांशी बोलायची सवय, माइकशी नाही. सांभाळून घ्या.

बाईंनी माझा उजवा डोळा वाचवला. आतला पडदा सुटला होता, तो चिकटवला आणि डोळ्याच्या गोळ्याभोवती बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवली. बरा झालो, कामावर गेलो, भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडला, तर काय! दोरी पुसट, शिवाय तिरकी! ओळंब्याची दोरी कधी तिरकी असते का हो? माझी पाचावर धारण बसली. "पडदा परत सुटला गं!" म्हणत बायकोला घेऊन तसाच बाईंकडे धावलो.

बाईंनी नीट तपासलं. म्हणाल्या, "मिस्त्री, पडदा जागेवर आहे. पट्टा आवळला की पोट पुढे येतं ना? तसा तुमचा गोळा लांबट झालाय. लांबचं चित्र पडद्याच्या अलीकडेच पडतं, म्हणून पुसट. शिवाय एका अंगाने जरा दबलाय, म्हणून तिरकं. नंबर बदललाय, डोळा गेला नाही."

बायको म्हणाली, "अगंबाई, म्हणजे यांच्या डोळ्याला कंबरपट्टा!" आणि गंमत बघा, त्याच डोळ्याने मी आता चष्म्याशिवाय पेपर वाचतो. ओळंबा मात्र डाव्याने बघतो, उजवा मिटून. आमचं घर त्या डाव्यावर चालतं. बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "त्याला जपा. ठिणग्या दिसल्या, सावली आली, तर असाल तसे निघून या."

आता कसं सांगू? मघाशी मान्यवर बोलत असताना, खोड जात नाही म्हणून, मी उजवा मिटून या हॉलचा खांब सरळ आहे का ते बघत होतो. खांबाला खालचा भागच नव्हता. काळी सावली होती. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. काही सुचेना, म्हणून वर आलो. आताही उजवा मिटला की पहिल्या रांगेत बायकोचा चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. अगं, उठू नकोस, रडू नकोस.

बाई, मी फार घाबरलोय. अध्यक्ष म्हणाले, तुमची नोकरी आज संध्याकाळी संपते. बाहेर अजून ऊन आहे, बाई.

आयोजकांचे आभार. कमीजास्त बोललो असेन, समारंभाचा बेरंग केला असेल, तर पोटात घाला. आणि पायऱ्यांपाशी कुणीतरी माझा हात धरा.