खेचलेल्या तारखा

तुम्हीच सांगा यार, काम पटकन केलं हा काय गुन्हा आहे?

घाटकोपरच्या आमच्या लॅबमध्ये साहेबांनी मला सहा महिन्यांचा ड्युटीचा तक्ता करायला सांगितला. मी एक्सेलमध्ये पहिली तारीख टाकली, चौकोनाचा कोपरा धरून खाली खेचला आणि सगळ्या तारखा आपोआप भरल्या. मग नावं घातली. समोरचा चहा गार व्हायच्या आत तक्ता साहेबांच्या टेबलावर!

साहेब म्हणाले, "एवढ्यात झालं? म्हणजे तू नीट केलंच नाहीस."

"सर, तारखा आपोआप येतात."

"आपोआप आलेल्यावर माझा भरवसा नाही. सावंतला दे. तो एकेक तारीख हाताने टाकेल."

सावंतने तीन दिवस टाईप केलं. वर साहेब सगळ्यांसमोर मलाच ऐकवतात, "बघ, याला म्हणतात मेहनत!" असं डोकं फिरलं ना माझं!

सावंतचा तक्ता भिंतीवर लागला. मी जाऊन बघते तर तीस जूनच्या खाली एकतीस जून! आणि त्या दिवशी सकाळची ड्युटी कुणाला? मला.

मी तडक केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, एकतीस जूनला मला सुट्टी हवी आहे."

साहेब उठले, चष्मा लावून भिंतीवरच्या तक्त्यात ती तारीख शोधली, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नाही जमणार. त्या दिवशी आधीच दोघं सुट्टीवर आहेत."