दोन ब्लेडं आणि तात्यांचा गाल

मंडळी, मी युनूस. वडवणीच्या बसस्टँडसमोर माझं कटलरीचं दुकान. माझ्या भिंतीला भिंत लावून विष्णू तात्यांचं सलून. तेवढ्यावरच मला ह्या शोकसभेत बोलायला उभं केलंय. तुम्ही सगळे आपापली शटरं ओढून आलात. भाषण करणं मला जमत नाही. रडणंही मला लवकर येत नाही. जे झालं ते सांगतो आणि बसतो.

तात्यांना मी ब्लेडं विकायचो. दाढीची, दोन्ही बाजूंना धार असलेली. तुम्ही म्हणाल, ब्लेडात काय बघायचं? तात्या बघायचे. नवा माल आला की एक स्वस्तातलं पाकीट न्यायचे, एक महागातलं. स्वतःचा डावा गाल एकानं करायचे, उजवा दुसऱ्यानं. संध्याकाळी माझ्या दुकानात यायचे आणि म्हणायचे, "युनूस, हात लाव. कोणता गाल बरा हाय?" गिऱ्हाईक उभं असलं तरी हात लावावा लागायचा.

त्यांनी स्वस्ताला कधी वाईट म्हटलं नाही. सलूनमध्ये ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात, एक दाढी झाली की फेकतात. एका दाढीपुरतं स्वस्तातलंही चालतं. पण घरी एकच ब्लेड आठवडाभर चालवणाऱ्याला ते सांगायचे, "महागातलं घे. स्वस्ताचं उद्यापासून केस ओढंल. पाकिटावरची किंमत बघू नको, दाढ्या किती निघतात ते बघ."

मागच्या वर्षी एका सकाळी तात्या शटर उचलायला वाकले आणि तिथंच बसले. लकवा. बीडला नेलं. जीव वाचला, पण उजवा हात गेला. चेहऱ्याची उजवी बाजूही गेली. तिथं चिमटा काढला तरी त्यांना कळायचं नाही.

दुकान बंद. घरात सुनंदा वहिनी आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. एकजण दुकान भाड्यानं मागायला आला. मी तिथंच होतो. वहिनी म्हणाल्या, "दुकान द्यायचं न्हाई. मी चालवते."

तात्या जड जिभेनं म्हणाले, "आरसा आण." मला वाटलं, वाकडं झालेलं तोंड बघायचं असंल. तसं नव्हतं. त्यांना आरशात वहिनींचा हात बघायचा होता.

मी स्वस्तातल्या ब्लेडांचा डबा घेऊन गेलो. शिकायचंय म्हणजे ब्लेडं वाया जाणार, असा माझा व्यापारी विचार. तात्यांनी डबा डाव्या हातानं बाजूला सारला.

"हे ओढतं. ओढलं की शिकणारा दाबतो. दाबायची सवय लागली की जात न्हाई. चांगलं आण."

"अहो तात्या, चांगल्याला धार जास्त. वहिनींचा हात नवा हाय. कापंल."

"कापू दे. ह्या गालाला कळत न्हाई."

असं ते सुरू झालं. उजव्या गालावर. पहिल्याच दिवशी रक्त आलं. वहिनींनी वस्तरा खाली ठेवला. म्हणाल्या, "माझ्यानं व्हायचं न्हाई. तुमाला दुखत न्हाई म्हणून मलाबी दुखत न्हाई का?"

तात्यांनी वस्तरा उचलला आणि त्यांच्यापुढं धरला. "तुरटी लाव. पुन्हा कर."

कितीतरी सकाळी मी तो गाल बघितला. जखमा कमी होत गेल्या. मग एक दिवस तात्यांनी मान वळवली आणि डावा गाल पुढं केला. तो जिता गाल होता. तो बोलायचा. "लई दाबलंस." "कातडं ताण." "आता बरं."

आणि एकदा काय झालं, तात्या डोळे मिटून बसले होते. वहिनींनी त्यांना न सांगता स्वस्तातलं ब्लेड घातलं. दोन हात मारले असतील, तात्या म्हणाले, "हे युनूसचं स्वस्तातलं हाय." वहिनी हसल्या. तात्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "पण तू दाबलं न्हाईस. दुकान उघड."

दुकान उघडलं. माणसं दारापर्यंत यायची, आत वहिनींना बघायची आणि माझ्याकडं येऊन कंगवा घेऊन जायची. माझे कंगवे लई खपले त्या दिवसांत. शेवटी मीच जाऊन खुर्चीत बसलो. वहिनी म्हणाल्या, "कशाला बसले, युनूसभाई? तुमी तर दाढी राखता." म्हटलं, गळा करा, गाल सारखे करा, काहीही करा. दार उघडंच होतं. रस्ता बघत होता. मग एक आला, मग दुसरा आला. इथं बसलेले किती गाल वहिनींच्या हाताखालून गेलेत, ते तुमचं तुम्हाला माहीत.

तात्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असायचे. त्याच खुर्चीत एका दुपारी गेले. वहिनींनी वस्तरा मिटला, गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "मामा, तोंड पुसून घ्या," आणि मग तात्यांजवळ गेल्या.

परवा दहावा झाला. नदीवर भावकीची डोकी करायला बाहेरून सलूनचा कारागीर बोलावला होता. दिंद्रुडहून तात्यांचे थोरले भाऊ, नामदेव अण्णा आले होते. बाईनं वस्तरा धरला हे अण्णांना पटलं नव्हतं. वर्षभर ते त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. कारागिरानं पाणी घेतलं, फडकं पसरलं. अण्णा त्याच्यापुढं बसले नाहीत. ते वहिनींकडं गेले, टोपी काढली आणि खाली बसले.

"सुनंदा, माझ्या भावाचं तू केलंस. माझंबी कर."

भावकीत कुजबुज झाली. अण्णांनी मान वर केली नाही. कारागिरानं आपला वस्तरा पुढं केला. वहिनींनी तो घेतला.

इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. अण्णांचं डोकं भिजवताना त्या रडल्या. वस्तरा चालवताना हात हलला नाही.

माझं बोलणं झालं. तेराव्यानंतर दुकान उघडणार आहे, तेवढं सांगा म्हणाल्यात वहिनी. आता सगळे उभे राहा. मोबाईल बंद करा. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.

तात्या, सलाम.