ब्रेकवरचा पाय

(डिचोली-साखळी रस्त्यालगतचं मारुतीचं गॅरेज. सकाळची वेळ. जुनी मोठी गाडी चालू करून उभी. मारुती डाव्या सीटवर गाडीतला बिघाड दाखवणारं यंत्र घेऊन बसलेला, म्हातारा महादेव बाहेर दाराशी.)

मारुती : काका, ब्रेकवरचा पाय काढा बगू.

महादेव : कोणाचो पाय? मी केव्हाच खाली उतरलंय. बग, दोनी पाय हयसर जमनीर आसत.

मारुती : आँ? मग हे यंत्र का म्हणतंय, पाय ब्रेकवर हाय?

महादेव : तुझां यंत्रच बिघाडलां आसतलां.

मारुती : दिवाळीत नवं घेतलंय वो. हितं सरळ लिवून आलंय, ब्रेक दाबलेला. आन् डायव्हरच्या सीटवर तर कुणीच न्हाई.

महादेव : तां सोड. माका दोनच गोष्टी होये. गाडी चढणीर ओढूक होयी, आणि तां क्रूझ की काय, अॅक्सिलरेटरार पाय न ठेवता गाडी एका वेगान धावता तां, लागूक होयां. म्हापशाचो एक माणूस गाडी घेता. काल चलवून बघल्यान, म्हणालो, इंजिनात दम नाय, क्रूझ लागणा नाय, आदी तेवढां करून घेवा. करून दी, आणि एकदाची जावंदे ही माझ्या दारातसून.

मारुती : इकताय? तुमच्या पोरानं, प्रथमेशनं, बोटीवरच्या पयल्या कमाईची घेतलेली की ही. तेरा वर्सं झाली. काकू तर तिला पोरीवाणी हळद-कुंकू लावायच्या दसऱ्याला.

महादेव : हळद-कुंकू लावणारी तिच्यातच गेली. आता रोज सकाळी दार उघडलां काय ही समोर. कशी ठेवू?

मारुती : व्हय. चुकलंच माझं. तीन म्हैनं झालं न्हवं? मी आल्तो बाराव्याला. जेवून लगेच निघालो, गिऱ्हाईक होतं.

महादेव : म्हणान तू पुढचां आयकूक नाय. बरां झालां. कर तुझां काम.

मारुती : बगा काका, तुमी दोन रोग सांगताय, पर रोग एकच दिसतोय. गाडीच्या मेंदूला वाटतंय, डायव्हरचा पाय ब्रेकवर हाय. पाय ब्रेकवर असला की क्रूझ लागतच न्हाई, त्यो नेमच हाय. आन् त्यात तुमी वरनं अॅक्सिलरेटर दाबला की ती म्हणती, ह्यो माणूस थांबायलाय का पळायलाय? मग इंजिनचा दमच काढून घेती. कितीबी दाबा, गाडी रांगतीय. चढाला तर चालणारा माणूस पुढं जाईल.

महादेव : पण पाय नाय तर तिका सांगता कोण?

मारुती : हे धरा, बॅटरीचा उजेड धरा. आता वाका जरा. पेडलच्या वर बटन दिसतंय? पाय काढला की पेडल वर येतंय आन् त्या बटनाला दाबून धरतंय. दोघांच्या मधी रबराचा तुकडा असतोय, शर्टाच्या गुंडीएवढा. हितं भोक दिसतंय, तुकडा न्हाई. आन् खाली पायपुसण्यावर काय पडलंय बगा.

महादेव : चुरो.

मारुती : पापडावाणी चुरा. वय झालं रबराचं. तुकडा गळला, बटन भोकातनं भाईर आलं, गाडीला वाटतंय पाय खालीच हाय. एका दिवसात न्हाई होत हे. आधी रबराला चिरा पडत्यात, मग कवा धरतं, कवा सोडतं. सगळ्यात पयलं क्रूझ जातं. तवाच गाडी आणली तर धा मिन्टांचं काम.

महादेव : मारुती, मागचे दिवे?

मारुती : कसलं?

महादेव : ब्रेकाचे. मागचे तांबडे दिवे. ते पेटतत?

मारुती : पेटणारच की. गाडीच्या हिशेबी पाय ब्रेकवर हाय म्हटल्यावर. जाऊन बगा मागं. ... पेटलेत?

महादेव : पेटलेत.

मारुती : दोनी?

महादेव : दोनी. काचेवरचो तिसरो पण. ... मारुती, आत कोण नाय.

मारुती : न्हाईच कोण. मी बी उतरलोय.

महादेव : गाडयेत कोण नाय आणि दिवे पेटलेत. बंद कर. बंद कर ती आदी!

मारुती : केली, केली. काका, काय होतंय? बसा हितं, ह्या टायरावर बसा. पाणी देऊ?

महादेव : पाणी नको. पाण्याचां नाव काढू नको.

मारुती : बरं. न्हाई काढत.

महादेव : त्या दिसा सकाळी नऊक माझ्या बायलेच्या छातयेत कळ इली. माझ्या डोळ्याचां ऑपरेशन होवन आठ दिस, डोळ्यार पट्टी. सून गौरवी म्हणाली, १०८ बोलावूया मामा, वाट बघूया. मीच म्हटलंय, वाट कसली बघतंस, गाडी काढ. ती चलवत होती. मी मागे, सुलोचनाचां डोक्यां माझ्या मांडयेर. आमोण्याचो पूल गेलो आणि गाडी ओढीनाच. बसी पुढे जायत, टेंपो पुढे जायत. बांबोळीच्या हॉस्पिटलाच्या चढणीर तर माका वाटलां, उतरून धकलूया. डॉक्टर म्हणालो, अर्धो तास आदी हाडलां आसतां तर.

मारुती : आरं देवा.

महादेव : शेजारचो कृष्णनाथ मागसून स्कूटरीन येय होतो. बाराव्याक, दुसऱ्या पंगतीची पाना वाढलेली, चार गावची माणसां बसलेली, आणि तो म्हणालो, आमोण्याच्या पुलापासून बांबोळीपर्यंत सुनेन ब्रेकवरचो पाय काढूक नाय. मागचे दिवे सारखे तांबडे. भियान दाबून बसली आणि सासूक मारल्यान.

मारुती : त्यानं बघितलं ते खरंच बघितलं. दिवे पेटलेलेच असणार.

महादेव : खरांच बघल्यान. पण मी? मी तीस वर्सां खनिजाचो ट्रक चलवलंय. पाळीच्या खाणीवरसून जेटीर, दिसाक आठ-आठ फेऱ्यो. कोण ब्रेकार पाय ठेवन चलयता तां माका डोळे मिटूनय कळता. त्या दिसा कळलां. बुडाखाली कळलां, गाडी मागसून कोणी धरल्यासारखी. म्हणान कृष्णनाथ बोललो तेव्हा मी मान हलयलंय. सगळ्यांच्या समोर. घरच्या म्हाताऱ्यान मान हलयली मगे लोका कोणाक विचारतली?

मारुती : वैनी काय म्हणाल्या?

महादेव : वाढता वाढता थांबली. पातेलां खाली ठेवल्यान आणि आत गेली. दुसऱ्या दिसा इब्रामपुराक, म्हायाराक. प्रथमेशाक बोटीर फोन मीच केलंय, मीच सांगलंय सगळां. तेव्हापासून तो तिच्याकडे बोलणा नाय.

मारुती : काका, एक सांगू? तुमास्नी राग आला तरी सांगतो. चतुर्थीच्या आधी वैनींचा मला फोन आल्ता. म्हणाल्या, मारुतीदादा, क्रूझ लागत न्हाई आन् गाडी मधीच ओढंनाशी होती. मी म्हटलं, आणा उद्या. मग तुमचा फोन आला.

महादेव : म्हायत आसा माका.

मारुती : तुमी म्हणालासा...

महादेव : काय म्हणालंय तां मीच सांगतंय. आमोण्याच्या रस्त्यार क्रूझ कित्याक होयां? तां मुंबयच्या लोकांचां खेळणां. आणि गाडी ओढणा नाय ती गाडयेची चूक नाय, सुनेच्या पायाची. शाळेत शिकवता ती, गाडी चलवूक मी शिकवतलंय. असां म्हणालंय आणि हसलंय. तूय हसलंस.

मारुती : हसलो.

महादेव : मारुती, तो तुकडो तुझ्याकडे आसा?

मारुती : हाय. डबाभर हायत.

महादेव : मगे बसय. आणि तो चुरो झाडून टाक. म्हापशाचो माणूस उद्या येतलो, गाडी घेवन जातलो. गेलेली काय परत येवची नाय. आता ह्यां उकरून कोणाचां भलां?

मारुती : बसवतो की. मला काय, धा मिन्टं.

महादेव : मगे बघतंस काय माझ्याकडे?

मारुती : काका, म्हैन्यामागं वैनींचा अजून एक फोन आल्ता. गाडीचं काय न्हाई बोलल्या. एवढंच इचारलं, दादा, पाय ब्रेकवर हाय आन् आपल्यालाच कळत न्हाई, असं माणसाचं होतं का? मला काय ठावं वो कशापायी इचारतायत. मी म्हटलं, होतं की, घाबरलेल्या माणसाचं हमखास होतं. बरं म्हणाल्या आन् ठेवला. आता हे चुरा झाडायचं मला सांगू नका. तुमीच झाडा. माझ्यानं न्हाई होणार.

महादेव : ... तिका फोन लाव.

मारुती : मी?

महादेव : माझो घेवची नाय ती. तुझ्या फोनार लाव. आणि मोठ्या आवाजात ठेव, माका कमी आयकू येता.

गौरवी : हॅलो. बोला मारुतीदादा.

मारुती : वैनी, तुमचं मामा हायत हितं. त्यांना बोलायचंय.

महादेव : गौरवी. ... आयकतंस मा?

गौरवी : ऐकते.

महादेव : मी गॅरेजार इलंय. गाडयेचो एक रबराचो तुकडो मोडलेलो...

गौरवी : मामा, मला गाडीचं काही सांगू नका. विकायची असेल तर विका. सही प्रथमेशची लागेल, माझी नाही.

महादेव : तुझो पाय ब्रेकार नाय होतो. गाडी हयसर रिकामी उभी होती, आत कोण नाय, आणि मागचे दिवे पेटलेले. मी बघलंय. तो तुकडो मोडलो म्हणान गाडयेक वाटा होतां पाय ब्रेकार आसा. तूच पयलां सांगलेलंस, गाडी ओढणा नाय. तुझी काय एक चूक नाय होती गो. माझी होती.

गौरवी : होता, मामा.

महादेव : काय?

गौरवी : पाय. ब्रेकवर होता. मला आठवतं.

महादेव : नाय गो बाय, नाय होतो.

गौरवी : आधी आठवत नव्हतं. त्या दिवशी मी शपथ घेतली असती की नव्हता. बाराव्यानंतर हळूहळू आठवायला लागलं. आता सगळं आठवतं. निळी चप्पल होती पायात. पेडल कसं घट्ट लागत होतं तेही आठवतं. आता मी स्कूटरसुद्धा चालवत नाही, शाळेत चालत जाते. रस्ताभर तेच आठवत असतं.

मारुती : वैनी, मी तुमास्नी चुकीचं सांगितलं. तुमचा पाय न्हवता वो. हितं यंत्रात दिसतंय.

गौरवी : यंत्रात त्या दिवशीचं दिसतं का, दादा?

मारुती : त्या दिवसाचं... न्हाई. आजचं दिसतंय.

गौरवी : मग आजचं राहू दे.

महादेव : ठेवू नको. गौरवी, फोन ठेवू नको. त्या दिसाचां माका म्हायत आसा. तुझ्या सासून शेवटाक काय म्हटल्यान तां.

गौरवी : पाणी मागितलं. तुम्हीच सांगितलंत सगळ्यांना.

महादेव : खोटां सांगलंय. पाणी नाय मागल्यान तिनां. मी तुझ्यार ओरडत होतंय, पाय काढ, पाय काढ म्हणान. तिनां माझो हात धरल्यान. म्हणाली, ओरडू नकात तिच्यार, ती दाबणा नाय.

गौरवी : आई म्हणाल्या?

महादेव : दोनदा म्हणाली. ती दाबणा नाय. तुका आयकू इलां नाय, मीच इतको ओरडत होतंय.

गौरवी : आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात त्यांना?

महादेव : मी म्हटलंय, तू गप रव. तुका गाडयेतलां काय कळता? ... मगे ती गप रवली. गौरवी, प्रथमेशाक आजच फोन करतंय. कृष्णनाथाक सांगतंय. बाराव्याक बसलेल्या एकेकाच्या दारात जावन सांगतंय, माझी चूक होती म्हणान. तू घरा येवक नको, माका माफय करू नको. पण तो पाय तेवढो विसर गो.

गौरवी : मारुतीदादा.

मारुती : हाय, हितंच हाय वैनी.

गौरवी : तो तुकडा बसवलात का?

मारुती : न्हाई अजून.

गौरवी : मी येते तिकडे.

महादेव : कशी येशीत? थांब, मी कोणाची तरी गाडी धाडतंय.

गौरवी : नको. बसने येते. इकडून दोन बस बदलाव्या लागतात, उशीर होईल.

महादेव : होवंदे उशीर. आमी हयसरच बसतंव.

गौरवी : दादा, मी येईपर्यंत तेवढा तो तुकडा बसवू नका. मला ते दिवे बघायचेत.