पूल कुठाय?

अरे, लॉकडाउनमध्ये माझे बाबा नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला आमच्याकडे अडकले होते ना, तेव्हाची गोष्ट. घरी एकच पाहुणा बोलवायची परवानगी होती, म्हणून मी ऑफिसातल्या यूअनला बोलावलं. तो स्कॉटिश, म्हणून मी हौसेनं स्कॉटलंडच्या इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धावरचा सिनेमा लावला. तिथंच चुकलो.

हा पठ्ठ्या दर दोन मिनिटांनी सिनेमा थांबवायचा. "हे किल्टचे घागरे तेव्हा नव्हतेच! कित्येक शतकांनी आले." मोठी लढाई सुरू झाली, तर हा उठून उभाच राहिला. "पूल कुठाय? अख्खी लढाई पुलावर झाली! पुलामुळेच तर जिंकलो आम्ही!"

बाबा वैतागले. मला मराठीत म्हणाले, "ह्याला घरी पाठव, नाहीतर ह्या जन्मात सिनेमा संपत नाही." मग त्यालाच इंग्रजीत विचारलं, "याआधी पाहिलायस हा?"

"दरवर्षी बघतो."

"सगळं खोटं आहे म्हणतोस, मग बघतोस कशाला?"

यूअन शांतपणे म्हणाला, "इंग्रज मात्र हुबेहूब दाखवलेत."

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "भात जास्त टाक. हा जेवूनच जाईल."