निरोगी नमुना

(प्रयोगशाळेतली अंधारी खोली. मायक्रोस्कोपशी बसलेल्या तंत्रज्ञ ताई आणि नुकतेच आत आलेले, वयाने लहान डॉक्टर.)

डॉक्टर – तीन दिवस झाले, ताई. अकरा पेशंटचे रिपोर्ट अडकलेत. खालून सारखे फोन येतायत.

ताई – येऊ द्यात. तुलनेसाठी लावलेला निरोगी माणसाचाच नमुना चमकतोय, तर आजाऱ्यांचे रिपोर्ट कुठल्या तोंडाने देऊ?

डॉक्टर – अजून चमकतोय?

ताई – बघा ना. जिथं काळोख दिसायला हवा, तिथं हिरवंगार. काचा बदलल्या, रसायन नवीन फोडलं. कंपनीच्या माणसाला फोनवर इतकं झापलं, की बिचारा माफी मागत बसला.

डॉक्टर – हा नमुना म्हणजे...

ताई – माझंच रक्त. बारा वर्षं माझंच असतं. दर सहा महिन्यांनी काढायचं, छोट्या बाटल्यांत भरून गोठवायचं. जुनं संपलं म्हणून सोमवारी नवीन काढलं.

डॉक्टर – जुनी एखादी बाटली उरलीय?

ताई – फ्रीजरच्या तळाशी एक सापडली. आज तीही लावली. त्याच काचेवर, उजवीकडे बघा.

डॉक्टर – ही काळीच आहे.

ताई – हो.

डॉक्टर – काच तीच, रसायन तेच.

ताई – आपल्याच शरीरावर उठलेल्या अँटीबॉडीज मी रोज दुसऱ्यांच्या रक्तात शोधते. काखेत कळसा नि गावाला वळसा.

डॉक्टर – लाइट लावू?

ताई – नको. राहू द्या थोडा वेळ.

डॉक्टर – नुसतं चमकलं म्हणजे आजार असतोच असं नाही. तुम्हीच शिकवलंय मला.

ताई – हजारपट पातळ केलं, तरी चमक जात नाही. मग खात्रीसाठी डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडीजची तपासणी लावली. तीही पॉझिटिव्ह.

डॉक्टर – काही त्रास होतो का?

ताई – सकाळी बोटं वळत नाहीत. दुधाचं पातेलं दोन्ही हातांनी उचलते. केसही गळतात. वय झालं म्हटलं. दुसरी कुणी असं सांगत बसली असती, तर मीच तिला इथं पाठवलं असतं.

डॉक्टर – उद्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो बरोबर. लघवीही तपासून घेऊ. औषधं आहेत, ताई.

ताई – माहितीय. औषधं आहेत, माणसं कामं करतात, पोरांची लग्नं लावतात. पेशंट रडायला लागले की मीच सांगते.

डॉक्टर – भीती वाटतेय?

ताई – काहीच वाटत नाहीये हो. सगळं बधिर झाल्यासारखं. तेवढे अकरा रिपोर्ट सोडा आता. जुन्या बाटलीशी ताडून बघितलेत मी, बरोबर आहेत.

डॉक्टर – सोडतो. तुम्ही घरी जा.

ताई – हे रोज दार उघडतानाच विचारतात, "आज काय निघालं?" मी म्हणते, "नेहमीचंच."

डॉक्टर – आज काय सांगाल?

ताई – चपला काढेपर्यंत तरी नेहमीचंच म्हणेन.